खाचरापासून गुणसूत्रापर्यंत : जीनोम पाहण्याच्या साधनांविषयी प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला सह्याद्रीला टेकून वसलेले भोर आणि वेल्हे (आताचे नाव राजगड) हे भाताचे तालुके आहेत. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही त्यांतली नावे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकांतून माहीत असतात. या खोऱ्यांचे वर्ष मात्र राब भाजणी, चिखलणी, लावणी आणि झोडणी यांच्या क्रमाने चालत आले आहे. घाटमाथ्याजवळ पाऊस कोसळतो आणि पूर्वेला नीरेच्या खोऱ्यात उतरत गेले की थोड्याच अंतरात तो झपाट्याने कमी होतो. त्या पावसाप्रमाणे आणि खाचरातल्या ओलीप्रमाणे वाण ठरतो : कुठे हळवा म्हणजे लवकर पिकणारा, कुठे निमगरवा म्हणजे मध्यम मुदतीचा, कुठे गरवा म्हणजे उशिरा पिकणारा. आज या भागात सर्वात ओळखीची झालेली जात म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती तयार केली आणि १९८७ मध्ये ती प्रसारित झाली. एका बाजूला मावळातला उंच वाढणारा, सुवासिक, कमी उताऱ्याचा भात, तर दुसऱ्या बाजूला फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत घडलेली, १९६६ पासून आशियाभर पसरलेली बुटकी, भरघोस उत्पन्नाची जात. या दोघांच्या संततीत कोणाकडून काय आले, हा प्रश्न शेतकऱ्याला, भाताच्या अभ्यासकाला आणि भात खाणाऱ्यालाही पडण्यासारखा आहे. त्याचे उत्तर शोधण्याची साधने आता कोणत्याही साध्या संगणकावर उपलब्ध आहेत. ही प्रस्तावना त्या साधनांविषयी आहे.

भाताचा संपूर्ण जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा देशांच्या त्या प्रकल्पात भारत सहभागी होता आणि अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे काम भारतीय संस्थांनी केले. बारा गुणसूत्रे, सुमारे ३८ कोटी ९० लाख बेस आणि सुमारे साडेसदतीस हजार जनुके असा त्याचा आवाका सांगितला गेला. ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला हा मजकूर पानाला तीन हजार अक्षरे या हिशेबाने छापला, तर जवळपास १ लाख ३० हजार पाने भरतील. पुढे २०१८ मध्ये ३,०१० भातवाणांच्या जीनोमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८९ देशांतून गोळा केलेल्या त्या वाणांमध्ये सुमारे २ कोटी ९० लाख ठिकाणी एकेका अक्षराचा फरक आढळला. हा सगळा साठा कोणालाही विनामूल्य घेता येतो. तरीही माहिती खुली असणे आणि ती वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. जीनोम डोळ्यांसमोर मांडणारी सॉफ्टवेअर साधने हे अंतर कमी करतात. संशोधन पूर्ण झाल्यावर निष्कर्ष सजवून दाखवण्याची ती सोय आहे, असा समज सर्रास आढळतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ही साधने म्हणजे जीनोमविषयक दाव्याची तपासणी करण्याची जागा आहे, आणि ही तपासणी प्रयोगशाळेपुरती राहिली तर ती अपुरी राहते. ज्या खोऱ्यात तो भात पिकतो तिथल्या माणसांचे निरीक्षण तिच्यात आले, तरच ती पूर्ण होण्याची शक्यता आहे.

या साधनांचा इतिहास फार जुना नाही. मानवी जीनोमचा पहिला जुळवलेला मसुदा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेने ७ जुलै २००० रोजी इंटरनेटवर खुला केला. तो जुळवण्याचा प्रोग्रॅम जिम केंट यांनी लिहिला होता. अक्षरांच्या त्या समुद्रात हवी ती जागा सापडावी म्हणून जे दर्शक साधन उभे राहिले, ते आज यूसीएससी जीनोम ब्राउझर म्हणून ओळखले जाते. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये एन्सेम्बल प्रकल्प आकाराला आला. २००२ मध्ये लिंकन स्टाइन आणि सहकाऱ्यांनी जीब्राउझ प्रसिद्ध केले, त्यामुळे कोणत्याही सजीवाच्या जीनोमसाठी आपापला ब्राउझर उभारणे शक्य झाले. त्याचा वारसदार जेब्राउझ २००९ मध्ये आला. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये घडलेल्या इंटिग्रेटिव्ह जीनोमिक्स व्ह्यूअर म्हणजे आयजीव्ही या साधनाचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. फिलिपिन्समधल्या त्याच आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तीन हजार वाणांच्या माहितीसाठी एसएनपी-सीक हे संकेतस्थळ उभारले. तिथे एखाद्या जनुकाचे नाव टाकले की त्या जागी कोणत्या वाणात कोणते अक्षर आहे, हे रंगीत तक्त्यात दिसते.

या सगळ्यांची मूळ रचना एकच आहे आणि गावच्या गटनकाशावरून ती चटकन समजते. नकाशात गावची जमीन क्रमांक देऊन मांडलेली असते. त्या क्रमांकाच्या आधाराने मालकी, पीकपाहणी, विहीर, बोजा अशा वेगवेगळ्या नोंदी एकाच तुकड्याशी जोडता येतात. जीनोम ब्राउझरमध्ये आडव्या रेषेवर गुणसूत्रावरचे क्रमांक असतात आणि त्या रेषेखाली एकेका प्रकारच्या माहितीचा एकेक पट्टा असतो. या पट्ट्याला ट्रॅक म्हणतात. एका ट्रॅकवर जनुके कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे दिसते, दुसऱ्यावर एखाद्या वाणाचे वेगळेपण, तिसऱ्यावर त्या जागी जनुक किती सक्रिय आहे याची मोजणी. उभी नजर टाकली की एकाच जागेविषयीच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक दिसतात. संपूर्ण गुणसूत्रापासून एका अक्षरापर्यंत जवळ जाता येते आणि पुन्हा मागे येता येते. क्रमांकाने जागा पक्की करायची आणि तिच्यावर स्वतंत्र नोंदी रचायच्या, ही या साधनांची खरी शक्ती आहे. आणि नकाशाप्रमाणेच यांचीही एक मर्यादा आहे : मूळ मोजणीत जी जमीन आलीच नाही, तिच्यावर कोणतीही नोंद चढत नाही. या मर्यादेकडे पुढे परत यावे लागेल.

एवढ्या अवाढव्य फाइली डोंगराळ तालुक्यातल्या संथ इंटरनेटवर उघडणार कशा, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर फाइलींच्या रचनेत आहे. तुकड्यातुकड्यांनी वाचलेला डीएनए संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या जीनोमवर, जुळवून ज्या फाइलीत ठेवतात तिला बॅम फाइल म्हणतात, आणि वाणांमधले फरक ज्या फाइलीत नोंदवतात तिला व्हीसीएफ. या दोन्हींसोबत एक छोटी सूची-फाइल असते आणि गुणसूत्राचा कोणता भाग मूळ फाइलीत कुठे आहे, हे ती सांगते. ब्राउझर आधी सूची वाचतो आणि पडद्यावर हवा तेवढाच तुकडा मागवतो. कित्येक गिगाबाइटच्या साठ्यातून एक जनुक पाहायला थोडा मजकूर उतरवला तरी पुरतो. जेब्राउझ तर साध्या स्थिर संकेतस्थळासारखे ठेवता येते, त्याला मोठा सर्व्हर लागत नाही. आयजीव्ही आपल्या संगणकावरची फाइल आपल्याच संगणकावर उघडते, ती दुसरीकडे पाठवावी लागत नाही. सूची-फाइल बनवणाऱ्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही, पण भोरच्या महाविद्यालयातला संगणक आणि पुण्यातल्या संशोधन संस्थेतला संगणक एकाच जनुकासमोर जवळपास सारख्या अधिकाराने उभे राहू शकतात, ते या शांत अभियांत्रिकीमुळे.

आता इंद्रायणीच्या प्रश्नाकडे येऊ. आयआर-८ बुटकी आहे याचे कारण २००२ मध्ये जनुकाच्या पातळीवर कळले. पहिल्या गुणसूत्रावर एसडी-१ नावाचे जनुक आहे. रोपाला उंच करणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्याच्या साखळीतले एक विकर त्याच्यापासून बनते. तैवानमधल्या एका जुन्या बुटक्या जातीत या जनुकाचा काही शे अक्षरांचा तुकडा गळालेला होता, आणि तीच गळती आयआर-८ मध्ये आली. भाताच्या सुवासाचे मुख्य कारण असलेले द्रव्य, २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखले गेले. २००५ मध्ये त्याचा संबंध आठव्या गुणसूत्रावरच्या बीएडीएच-२ या जनुकाशी जोडला गेला. बासमतीसारख्या अनेक सुवासिक जातींत या जनुकाच्या सातव्या भागात आठ अक्षरे गळालेली असतात आणि शेजारी तीन अक्षरे बदललेली असतात. त्यामुळे जनुकाचे काम थांबते आणि सुवासिक द्रव्य साठत जाते. म्हणून इंद्रायणीविषयी एक स्पष्ट, तपासण्याजोगे अनुमान मांडता येते : तिचा बुटकेपणा पहिल्या गुणसूत्रावरच्या त्या जागी आयआर-८ कडून आलेला असावा आणि सुवास आठव्या गुणसूत्राच्या बाजूने आंबेमोहराकडून. आई-बाप आणि संतती या तिघांचे ट्रॅक एकाखाली एक लावून त्या दोन जागा उघडल्या की हे अनुमान टिकते की पडते, हे पाहता येते. आंबेमोहरात ती नेमकी आठ अक्षरांची गळती असेल असे गृहीत धरण्याची गरज नाही. याच जनुकात दुसऱ्या ठिकाणी बिघाड असलेल्या सुवासिक जातीही जगात सापडल्या आहेत. ब्राउझर उघडणारा विद्यार्थी उत्तर पाठ करत नाही, जागा उघडून स्वतः पाहतो.

पाहणे म्हणजे नेमके काय, हेही याच जागेवर समजते. यंत्र डीएनएचे छोटे छोटे तुकडे वाचते आणि संगणक ते संदर्भावर जुळवतो. जिथे अक्षरे गळालेली असतात, तिथे तुकड्याचे टोक कुठे बसवावे याचा संगणकाचा निर्णय चुकू शकतो. गळती न मानता तो तुकडा पुढे रेटला गेला की एका गळतीच्या ठिकाणी तीन-चार खोटे बदल नोंदले जातात. अंतिम तक्त्यात ते खऱ्या बदलांइतकेच ठाम दिसतात. आयजीव्हीमध्ये तीच जागा उघडली की खोटेपणा उघड होतो : बदल फक्त तुकड्यांच्या टोकांशी आहेत, मधोमध नाहीत, किंवा डीएनएच्या दोनपैकी एकाच दिशेने वाचलेल्या तुकड्यांत आहेत. कधी असेही दिसते की त्या जागी मुळात दोन-तीनच तुकडे आहेत आणि निष्कर्ष इतक्या तोकड्या आधारावर काढला आहे. तीन हजार वाणांच्या प्रकल्पात प्रत्येक जागा सरासरी चौदा वेळा वाचली गेली. सरासरी चौदा याचा अर्थ काही जागा तीसदा वाचल्या गेल्या आणि काही एकदाही नाही. तक्त्यातला आकडा हा फरक लपवतो, चित्र तो समोर ठेवते. म्हणूनच कर्करोगाच्या जनुकीय तपासणीतही महत्त्वाचा बदल अहवालात घेण्यापूर्वी मूळ तुकडे डोळ्यांनी पाहण्याची पद्धत पडली आहे.

यावर संख्याशास्त्राच्या बाजूने गंभीर आक्षेप घेतला जातो. दोन कोटी नव्वद लाख जागा कोणता माणूस डोळ्यांनी पाहणार? शिवाय डोळा आकृतीला भुलतो आणि जे शोधायला निघाला तेच त्याला दिसू लागते. म्हणून निर्णय सूत्रांवर सोपवावा, असे हा आक्षेप सांगतो. त्यातला पहिला भाग मान्यच करायला हवा. सर्व जागा पाहणे अशक्य आहे आणि अनावश्यकही. कोणत्या जागा पाहायच्या हे संख्याशास्त्रच सांगते. पण सूत्राला दिलेली माहिती सूत्राच्या अपेक्षेत बसणारी आहे की नाही, हे सूत्र स्वतः सांगत नाही. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच मांडले होते. चारही संचांची सरासरी, विचरण आणि परस्परसंबंधाचा गुणांक जवळजवळ सारखा आहे, आलेख काढला की मात्र चार पूर्णपणे वेगळ्या आकृती दिसतात. डोळा भुलतो हा दुसरा भागही खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष पाहणे सोडा असा निघत नाही. चित्र कसे काढले की डोळा कमी भुलतो, याचाही अभ्यास झाला आहे. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवले की समान मापरेषेवरची स्थिती माणूस सर्वात अचूक ओळखतो, तर कोन, क्षेत्रफळ आणि रंगाची छटा ओळखताना तो जास्त चुकतो. २००९ मध्ये आलेल्या सर्कोस या साधनाची वर्तुळाकार चित्रे नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर शोभून दिसली. दूरच्या जागांमधले संबंध दाखवायला ती उपयोगीही आहेत, पण दोन वाणांची लांबी किंवा संख्या ताडून पाहायची असेल तर सरळ रेषेवरचे साधे ट्रॅक अधिक प्रामाणिक ठरतात. प्रत्येक चित्रामागे निवड असते, आणि ती निवड ओळखणे हा हे साधन शिकण्याचाच भाग आहे.

सर्वात मोठी निवड असते संदर्भाची, आणि गटनकाशाची जी मर्यादा वर सांगितली ती इथे लागू पडते. भाताचा प्रमाण संदर्भ निप्पोनबारे या जपानी जातीचा आहे. कोणत्याही वाणाचे तुकडे तिच्यावर जुळवले की दोघांत जे समान आहे ते नीट बसते, जे बदलले आहे तेही दिसते, पण निप्पोनबारेत जे मुळातच नाही त्याला बसायला जागा नसते. ते तुकडे न जुळलेले म्हणून बाजूला पडतात आणि पडद्यावर त्यांची खूणही उमटत नाही. हा धोका कल्पनेतला नाही. पुरात दोन आठवडे बुडूनही भाताला जगवणारे सब-१ए हे जनुक ओडिशातल्या पारंपरिक वाणाकडून मिळाले. त्याची ओळख २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००९ मध्ये त्याच्या आधारे स्वर्णा-सब-१ ही जात भारतात आली. ते जनुक निप्पोनबारेत नाही. फॉस्फरसची कमतरता असलेल्या जमिनीत मुळांची वाढ राखणारे पीस्टॉल-१ हे जनुक कासालथ या जुन्या वाणात सापडले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही निप्पोनबारेत नाही. केवळ जपानी संदर्भाच्या पडद्यावर भात पाहत बसलेल्या माणसाला ही दोन्ही जनुके कधीच दिसली नसती. घाटमाथ्याकडच्या तांबड्या, लोहयुक्त जमिनीत फॉस्फरस अडकून राहतो आणि तिथल्या खाचरांत पाणी दिवसेंदिवस साचून राहते. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या वाणांचे वैशिष्ट्य कदाचित याच न दिसणाऱ्या भागात असेल. २०१८ च्या अभ्यासात संदर्भाबाहेरची दहा हजारांहून अधिक पूर्ण जनुके मिळाली, हे त्यामुळेच महत्त्वाचे आहे. एसएनपी-सीकमध्ये निप्पोनबारेखेरीज आयआर-६४, कासालथ अशा इतर जातींचे संदर्भही ठेवलेले आहेत. संदर्भ बदलून तीच जागा पुन्हा पाहणे ही सवय प्रत्येक वाचकाने पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

न दिसण्याचा आणखी एक प्रकार आहे : जिथून नमुनाच घेतला नाही ती जागा. करोनाच्या साथीत सर्वसामान्य वाचकाने पहिल्यांदाच जीनोमची चित्रे रोज पाहिली. नेक्स्टस्ट्रेन या संकेतस्थळावर विषाणूचा वंशवृक्ष आणि जगाचा नकाशा शेजारी शेजारी दिसत असे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने भारतातले पहिले जीनोम वाचले, डिसेंबर २०२० मध्ये देशभरातल्या प्रयोगशाळांचे इन्साकॉग हे जाळे उभे राहिले, आणि २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई-४८४-क्यू आणि एल-४५२-आर हे दोन बदल वाढत असल्याचे जाहीर केले. त्या चित्रांनी मोठे काम केले. त्याच वेळी त्यांचे चुकीचे वाचनही झाले. नकाशावर ठिपका नाही म्हणजे तिथे विषाणूचा तो प्रकार नाही, असे समजले गेले, आणि जिथे आधी सापडला तिथेच तो जन्मला, असेही मानले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी या प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे दिली, ती देशाच्या नावाने बोट दाखवणे थांबावे म्हणूनही. भाताच्या बाबतीतही असेच घडते. एखाद्या खोऱ्यातला वाण जगाच्या साठ्यात नसेल, तर त्याचे वेगळेपण पडद्यावर शून्य दिसते. ते शून्य वाणाविषयी काहीच सांगत नाही, सांगते ते संकलनाविषयी.

इथे दुसऱ्या टोकाचा आक्षेप येतो. आपला भात शेतकऱ्याला हाताने, डोळ्यांनी, नाकाने कळतो, त्याला गुणसूत्रे पाहून काय मिळणार? या आक्षेपातला आदर मला मान्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. हळवा आणि गरवा ही शेतकऱ्याची विभागणी घ्या. भात कधी फुलोऱ्यावर येतो हे ठरवणारी एचडी-१, जीएचडी-७ यांसारखी जनुके २००० पासून पुढे ओळखली गेली. दिवस लहान होत असल्याची खूण वाचून ती फुलण्याची वेळ पुढे-मागे करतात. पण केवळ त्यांची अक्षरे पाहून एखादा वाण कानद खोऱ्यात कधी कापणीला येईल, हे सांगता येत नाही. ते त्या खोऱ्यात लावणी करणारा सांगतो. त्याचे शब्द या साधनांत बसवायला जागा आहे, ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. आयजीव्हीमध्ये प्रत्येक नमुन्याशेजारी गुणधर्मांचे रकाने लावता येतात आणि त्यांच्या आधारे नमुन्यांची क्रमवारी बदलता येते. त्या रकान्यांत हळवा की गरवा, सुवास किती, कोंडा कोणत्या रंगाचा, पाणी साचल्यावर तग धरतो का, भाकरीला चांगला की भाताला, अशा नोंदी घातल्या की गोंधळातले काही नमुने एका बाजूला जमतात आणि त्या गटात एखादी जागा सारखी दिसू लागते. शेतकऱ्याचे निरीक्षण त्या क्षणी पुराव्याचा भाग होते. ते रकाने रिकामे असतील तर तीन हजार जीनोम मुके राहतात. वैज्ञानिकाला शेतकऱ्याच्या ज्ञानाची गरज आहे ती सौजन्यापोटी नाही. त्याच्या माहितीचा अर्धा भाग शेतकऱ्याकडे आहे म्हणून ती गरज आहे.

मग शेतकऱ्याच्या बाजूने अधिक टोकदार प्रश्न उभा राहतो : एवढे सगळे सांगून टाकले आणि कोणी वाणच पळवला तर? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीला बासमतीच्या वाणांवर आणि दाण्यांवर पेटंट मिळाले होते, आणि भारताने हरकत घेतल्यावर त्यातले अनेक दावे गळाले. त्यानंतर वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा २००१ चा कायदा आणि जैवविविधतेचा २००२ चा कायदा झाले. पहिल्या कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी करता येते, दुसऱ्याने गावपातळीवर जैवविविधता समित्या आणि लोकांच्या नोंदवह्या आणल्या. शेजारच्या मुळशी तालुक्यातल्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. नोंदणी किंवा मानांकन मागताना दावा करणाऱ्याला आपला वाण वेगळा आहे, हे दाखवावे लागते. वेगळेपण दाखवता न येणारा वाण चोरीला अधिक सोपा असतो. शिवाय पाहणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. वर सांगितल्याप्रमाणे आपली फाइल आपल्याच संगणकावर ठेवून ही साधने वापरता येतात. काय उघड करायचे, कधी आणि कोणत्या अटीवर, हे गावाने ठरवावे. पण ठरवण्यासाठी आपल्याकडे काय आहे, हे गावाला आधी वाचता आले पाहिजे. अज्ञान हे संरक्षण ठरत नाही, कारण ज्याच्याकडे साधने आहेत त्याला ते अडवत नाही.

शेवटचा आक्षेप भाषेचा आणि तयारीचा. साधनांचे पडदे इंग्रजीत आहेत, शोधनिबंध इंग्रजीत आहेत, आणि ग्रामीण महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला यासाठी प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र आणि आनुवंशिकी असे तीन विषय एकदम शिकावे लागतील, असे म्हटले जाते. पडद्यावरची दहा-वीस बटणे इंग्रजीत आहेत हे खरे, पण विचार करण्याची भाषा आपली आपण ठरवतो. ट्रॅकचे नाव, नमुन्याची नोंद, गुणधर्माचा रकाना या गोष्टी आपण लिहितो, आणि त्या देवनागरीत लिहिण्यात गैर काहीच नाही. पहिल्या पायरीला प्रोग्रॅमिंग लागतही नाही. जनुकाचे नाव टाकणे, ट्रॅक लावणे, जवळ जाणे, मागे येणे आणि तुकडे मोजणे इतके जमले की खरा प्रश्न विचारायला सुरुवात होते. पुण्याने या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले होते. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले, पुढच्याच वर्षी शहरात सी-डॅकची स्थापना झाली, आणि आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी वनस्पतींवरच्या कामाची परंपरा त्याहून जुनी आहे. एवढे ज्ञान शेजारी असताना ते घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचले नाही, तर कमतरता विद्यार्थ्यांच्या बुद्धीत शोधण्यात अर्थ नाही. मराठीत समजावून सांगण्याच्या आपल्या तयारीत ती शोधली पाहिजे.

म्हणून या विषयाकडे येणाऱ्या वाचकाकडून तीन अपेक्षा आहेत. पहिली, पडद्यावरच्या कोणत्याही ठाम दाव्यापाशी थांबून तो किती तुकड्यांवर उभा आहे, हे पाहावे. दुसरी, संदर्भ कोणाचा आहे आणि त्या संदर्भात काय बसूच शकत नाही, हे विचारावे. तिसरी, ज्या वाणाचा जीनोम समोर आहे तो पिकवणाऱ्याने त्याच्याविषयी काय सांगितले, याचा रकाना भरलेला आहे की रिकामा, हे तपासावे, आणि रिकामा असेल तर तो भरण्याचे काम स्वतःचे मानावे. यंत्रे दरवर्षी बदलतील आणि आज नावाजलेली सॉफ्टवेअर उद्या मागे पडतील, पण हे तीन प्रश्न बदलणार नाहीत. भोर-वेल्ह्यातल्या महाविद्यालयांनी, शेतकरी गटांनी आणि गावच्या जैवविविधता समित्यांनी आपापल्या खोऱ्यातल्या भातवाणांची नोंद हे प्रश्न हाताशी धरून सुरू केली, तर भाताच्या जागतिक साठ्यात मावळचा भाग स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या साक्षीसह येईल. हे काम आपण केले नाही, तर ते दुसरे कोणी आपल्याशिवाय करील, आणि त्यात आपले रकाने रिकामे राहतील.